फ्रिजमागचं पाणी कोण गाळणार?



आपल्या घरात पाणी गाळल्याशिवाय हंड्यात जात नाही. बटाटा अनंतकाय, म्हणून तो उंबऱ्याच्या आत येत नाही. मग फ्रिजच्या मागे, कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये साचलेलं पाणी कोणी गाळायचं? दाराच्या रबरात वाढलेली काळी बुरशीही अनंतकायच ना?

काही जणी म्हणतात, "तिथे हात लावला की जीव मरतात, म्हणून नकोच." मला हे मुळीच पटत नाही. तत्त्वार्थसूत्राने हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद घातला आहे. न बघणं म्हणजे अहिंसा नव्हे. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. उबेत आठ-दहा दिवसांत त्याचा डास होतो. एकदा अळ्या झाल्या की पाणी फेकलं तरी हिंसा, ठेवलं तर घरातलं लेकरू तापाने फणफणणार. म्हणून जीव उत्पन्न होण्याआधीच वरचेवर ट्रे रिकामा करायचा, कडा घासून कोरड्या करायच्या. आपल्याकडे सेलूत पावसाळी दमटपणात ट्रेचं पाणी लवकर आटत नाही, तेव्हा तर चुकवूच नका.

गंमत म्हणजे फ्रिजची निम्मी दुखणी याच दुर्लक्षातून येतात.

भाजीच्या खणाखाली पाणी साचतं? आतल्या मागच्या भिंतीचं छिद्र भाजीच्या काडीकचऱ्याने तुंबलं असेल. कोमट पाणी सोडून मोकळं करा.

गारवा कमी झाला? दारात कागद धरून दार लावा. तो सहज सुटला तर रबर सैल किंवा मळलेलं आहे. सोड्याच्या पाण्याने पुसा. मागे जाळी दिसत असेल तर प्लग काढून तिच्यावरची धूळ मऊ ब्रशने झाडा. फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे घ्या. वैशाखात त्यालाही श्वास लागतो.

बर्फाचा थर चढला? सुरी लावू नका. पातळ पत्र्याला भोक पडलं की गॅस जातो. बंद करून आपोआप वितळू द्या.

आणि कोणी आल्या आल्या "गॅस संपला" म्हणाला, तर पैसे काढण्याआधी विचारा, "गळती कुठे आहे ते दाखवा." गॅस बंद नळीत फिरतो. तो वापरून संपत नाही.

आता कडू बोलते. फ्रिज इतका ठासून भरतो की आत हवा फिरत नाही, कारण त्यात कालचं आणि परवाचं असतं. पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात दिवस, हे आपल्याला तोंडपाठ आहे. मळलेला गोळा मात्र डब्यात घालून दोन दिवस ठेवतो! थंडीने जंतूंची वाढ मंदावते, थांबत नाही. फ्रिज मर्यादा वाढवून देत नाही, बायांनो.

चातुर्मासाचे नियम घेताना यंदा एक नियम फ्रिजसाठीही घ्या. आणि हे काम कामवालीवर टाकू नका. पाणी गाळणं आपण तिच्यावर टाकतो का?