मुलांच्या आधी शंभर यार्ड तपासा
(अहिल्यानगरच्या जिल्हाधिकाऱ्यांना नेवाशाहून खुले पत्र)

मा. जिल्हाधिकारी, अहिल्यानगर यांस,


नेवाशात माध्यमिक शाळेवर विज्ञान शिकवून मी निवृत्त झालो. पालकसभेचे बोलावणे अजून येते आणि मी जातो. अलीकडे या सभांत एक मागणी वरचेवर होऊ लागली आहे. आठवी ते बारावीच्या मुलांच्या चिठ्ठ्या टाका, ज्याचे नाव निघेल त्याची न सांगता लघवी तपासा आणि कोण नशा करतो ते एकदाचे कळू द्या, असे पालक म्हणतात. त्यांच्या भीतीला कारण आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या कारखान्यातून शेकडो किलो मेफेड्रोन, म्हणजेच ‘एमडी’, पकडले. ते कुरकुंभ आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या दौंड तालुक्यात आहे. नेवासा फाट्यावरून एसटीत बसले की छत्रपती संभाजीनगर जवळच, आणि तिथल्या नशेच्या ‘बटन’ गोळ्यांच्या बातम्या आम्ही रोज वाचतो. ‘एमडी’ म्हणजे काय, हे आता पारावरच्या म्हाताऱ्यांनाही सांगावे लागत नाही.

ही मागणी आज ना उद्या आपल्या टेबलावर येईल. ती मान्य करू नका, हे सांगण्यासाठी हे पत्र आहे. पत्र शिक्षण विभागाला न लिहिता आपल्याला लिहिण्याचे कारण असे की, अमली पदार्थांची जिल्हा समन्वय समिती, तंबाखू नियंत्रणाची जिल्हा समिती आणि नशामुक्त भारत अभियानाची जिल्हा समिती, या तिन्हींचे अध्यक्ष आपणच असता. पोलीस, अन्न व औषध प्रशासन, आरोग्य आणि शिक्षण एका टेबलाभोवती बसवणे जिल्ह्यात दुसऱ्या कोणाच्या हातात नाही.

आधी आमच्याकडची नशा कोणती ते पाहू. एमडीची भीती खरी असली तरी नेवासा, सोनई, कुकाणा, घोडेगावच्या शाळकरी पोरांच्या गालात जे असते त्याचे नाव मावा. सुपारीची बारीक कातर, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात बांधून टपरीवाला पुडी देतो आणि गिऱ्हाईक ती तळहातावर चोळत निघते. सहावी-सातवीतला पोरगा पहिल्यांदा ही पुडी बापासाठी आणायला येतो. काही महिन्यांनी तिच्यातली चिमूट त्याच्या स्वतःच्या गालात जाते. वर्गात असा मुलगा ओळखायला यंत्र लागत नाही. प्रश्न विचारला की तो उभा राहतो, मान हलवतो, पण तोंड उघडत नाही. तासाला दोनदा बाहेर जाण्याची परवानगी मागतो. त्याच्या बाकाजवळच्या खिडकीखालची भिंत बाहेरून पाहिली की उरलेले कळते.

आता गंमत बघा. बाजारात मिळणारी लघवी तपासणीची पट्टी साधारणपणे गांजा, अफूवर्गीय पदार्थ, कोकेन, अॅम्फेटामिन आणि झोपेच्या काही गोळ्या यांचा माग काढते. तंबाखू आणि सुपारी तिच्या यादीत नसतात. पंक्चरचे सोल्युशन किंवा व्हाइटनर हुंगणारा पोरगाही तिला सापडत नाही. दारू काही तासांत शरीराबाहेर पडते, म्हणून शनिवारी रात्री प्यायलेला सोमवारी स्वच्छ. गांजाचा अंश मात्र नेहमी ओढणाऱ्याच्या लघवीत कित्येक आठवडे राहतो. म्हणजे दिवसाला माव्याच्या पाच पुड्या खाणाऱ्याला आपण सरकारी शिक्क्यानिशी ‘निर्व्यसनी’ ठरवणार.

उलट बाजूही आहे. खसखशीत अफूचा अंश असू शकतो. दिवाळीत अनारशांवर ताव मारलेला मुलगा सहामाहीनंतरच्या तपासणीत अडकला, तर त्याच्या आईला काय सांगायचे? खोकल्याच्या काही औषधांनीही पट्टी फसते. म्हणून पट्टीचा निकाल हा नुसता संशय धरतात, खात्री प्रयोगशाळेत करावी लागते. तो अहवाल यायला दिवस लागतात आणि गावात बातमी पसरायला मधली सुट्टी पुरते.

ही चाचणी शाळांतून रुजली ती अमेरिकेत. ओरेगॉनमधल्या व्हर्नोनिया गावच्या शाळेने खेळाडूंना ती सक्तीची केली आणि १९९५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बाजूने कौल दिला. २००२ मध्ये खेळाबाहेरच्या उपक्रमांतल्या मुलांनाही ती लागू करायला मोकळीक मिळाली. पुढे २०१० मध्ये तिथल्या शिक्षण खात्याने ३६ हायस्कुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चाचणी असलेल्या शाळांत, तिच्या कक्षेतल्या १६ टक्के मुलांनी गेल्या महिन्यात नशा केल्याचे सांगितले, चाचणी नसलेल्या शाळांत तशाच २२ टक्के मुलांनी. फरक पडला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पुढे नशा करणार का, या प्रश्नाच्या उत्तरात दोन्हीकडे फरक नव्हता आणि चाचणीच्या कक्षेबाहेरच्या मुलांवरही तिचा परिणाम दिसला नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये शाळाशाळांतून अशी चाचणी सुरू करण्याला विरोध नोंदवला. तिकडे शाळेत समुपदेशक असतो, उपचाराची सोय असते, तरी ही गत. आपल्याकडे चाचणीनंतर काय, तर मुख्याध्यापकांच्या खोलीत बाप, बापाच्या हातात दाखला. आठवीपर्यंत शिक्षण हक्काच्या कायद्याने मुलाला शाळेतून काढता येत नाही, नववीपासून ते कवच उरत नाही. नववीत शाळा सुटलेला मुलगा आमच्याकडे फाट्यावरच्या हॉटेलात कपबशा विसळतो किंवा आईबापामागे ऊसतोडीला जातो. तिथे त्याला मावा सोडायला कोण सांगणार?

शिवाय हायस्कूलमधली चाचणी मुळातच उशिरा येते. २०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या १३ ते १५ वयाच्या ८.५ टक्के विद्यार्थ्यांनी तंबाखूचा वापर सांगितला. त्यातली चघळायची तंबाखू घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी सुरुवात दहावा वाढदिवस यायच्या आत केली होती. सुरुवात चौथीत आणि तपासणी आठवीत, असा हा हिशेब आहे. त्याच वर्षी आलेल्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पाहणीत हुंगायच्या नशेचे प्रमाण प्रौढांत ०.५८ टक्के, तर मुलांत १.१७ टक्के निघाले. मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आढळलेली नशा ही, आणि तीच नेमकी पट्टीवर उमटत नाही.

मग करायचे काय? नवा कायदा नको, आहेत ते वापरा.

२००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या सहाव्या कलमाने १८ वर्षांखालील कोणालाही तंबाखू विकता येत नाही. बापासाठी न्यायला आलेल्या मुलालाही नाही. शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांत, म्हणजे सुमारे ९१ मीटरांत, तर कोणालाच विकता येत नाही. हे अंतर रस्त्याने मोजायचे नसून कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून चहूबाजूंनी सरळ रेषेत मोजायचे आहे. वळणाआडची टपरी रस्त्याने लांब वाटते, रेषेत ती आतच असते. तंबाखूमुक्त शाळेच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत या हद्दीवर पिवळी रेषा आखायला सांगितले आहे. किती शाळांसमोर ती दिसते, हे आपण स्वतः गाडीतून उतरून पाहावे.

या कलमाचा दंड फार तर दोनशे रुपये, म्हणून विकणाऱ्याला त्याचे काही वाटत नाही. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे ७७ वे कलम वेगळे आहे. मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. वारंवार समज देऊनही मुलांना विकणाऱ्यावर हे कलम लावा. टपरीवाल्याच्या पोटाचा प्रश्न मला कळतो, त्यातले कित्येक माझेच विद्यार्थी आहेत. बिस्किटे, वह्या, पेन विकायला त्यांना कोणी अडवलेले नाही. आणि मावा तर गुटख्याबरोबर राज्यात बंदच आहे. २०१२ पासून गुटखाबंदीचे आदेश वर्षामागून वर्ष निघत आले आणि आमच्याकडे मावा दिवसाढवळ्या विकला जातो.

गोळ्यांचेही तसेच. झोपेच्या व गुंगीच्या ज्या गोळ्या २०१४ पासून ‘एच-१’ यादीत आहेत, त्यांच्या विक्रीची वेगळी वही मेडिकलवाल्याला ठेवावी लागते. डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, किती गोळ्या, आणि ही नोंद तीन वर्षे जपायची. अचानक तपासणी करायची तर या वह्यांची करा. औषध निरीक्षकाने महामार्गालगतच्या दुकानांपासून सुरुवात करावी.

शाळेतही तपासणी हवी, पण दातांच्या डॉक्टरांकडून. सुपारीने गालाचे आतले कातडे ताठ होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. स्वतःची तीन बोटे एकावर एक धरून उभी तोंडात जातात का, एवढे पाहिले तरी पहिला अंदाज येतो. ना बाटली, ना पट्टी. सुपारी तंबाखूविनाही कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच सांगून ठेवले आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत येतातच, त्यांच्या तपासणीत हे पक्के बसवा. ज्याचे तोंड कमी उघडते त्याची गाठ समुपदेशकाशी घालून द्या आणि त्याचे नाव डॉक्टर व पालकांपलीकडे जाऊ देऊ नका. तालुक्याला एक तरी समुपदेशक जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून द्यावा, त्या समितीचे सदस्य सचिव आपण आहात.

व्यसन किती पसरले आहे हे जाणून घ्यायचे तर निनावी प्रश्नावली पुरते. आइसलँडने हेच केले. दर वर्षी नावाविना पाहणी, पालकांची साथ, संध्याकाळी मैदाने आणि संगीताचे वर्ग. १९९८ मध्ये तिथल्या १५-१६ वर्षांच्या ४२ टक्के मुलांनी गेल्या महिन्यात झिंगेपर्यंत प्यायल्याचे सांगितले होते, २०१६ मध्ये ते प्रमाण ५ टक्क्यांवर आले. इतक्या लांबचे उदाहरण नको असेल तर पारनेर तालुक्यात चला. राळेगणसिद्धीत आधी दारूच्या भट्ट्या गेल्या, मग दुकानांतून विडी-तंबाखू गेली. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारच्या पंचसूत्रीत नशाबंदी आहे. दोन्ही गावांनी आधी मोठ्यांना वळण लावले. म्हणून आमच्या शिक्षक बांधवांनाही सांगतो, शिक्षकखोलीतली पुडी पहिल्यांदा बंद व्हायला हवी.

ज्ञानेश्वरीच्या गावात हे शोभते का, हे वाक्य नेवाशातल्या प्रत्येक व्यसनमुक्तीच्या भाषणात येते. टाळ्या पडतात, टपरी जागेवर राहते. १४ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुलांमधल्या व्यसनाची देशभर पाहणी आणि कृती आराखडा करायला सांगितले, त्यालाही वर्षे लोटली. आता भाषण नको.

एकच विनंती करतो. जूनमध्ये शाळा भरण्याआधी नेवासा तालुक्यातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेभोवतीचे शंभर यार्ड मोजून घ्या, आत किती दुकाने तंबाखू विकतात त्याची यादी तहसील कचेरीच्या फलकावर लावा आणि दिवाळीच्या सुट्टीआधी ती पुन्हा तपासा. मोजणीला माणसे कमी पडली तर टेप धरायला आम्ही निवृत्त शिक्षक येऊ.

कळावे,
आपला,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षक
नेवासा