नातू मैदानावर, आजी-आजोबा घरी

गेल्या दोन-तीन वर्षांपासून माझ्या दवाखान्यात एक प्रश्न वारंवार येऊ लागला आहे. नांदगाव पेठ आणि आसपासच्या खेड्यांत आई-वडील दोघेही एमआयडीसीत किंवा अमरावतीला कामाला जाणारी घरे आता पुष्कळ आहेत. अशा घरांत मुलाची शाळा, डबा, अभ्यास आणि अलीकडे त्याचे क्रिकेट, या साऱ्याचा भार आजी-आजोबांवर असतो. पहाटे त्याला उठवायचे आजीने, किटची जड बॅग सांभाळत अमरावतीच्या बसपर्यंत सोडायचे आजोबांनी. पुढे गुडघा सुजला, पाठ धरली की दवाखान्यात घेऊन येणारेही तेच. तपासणी आटोपली, की मुलाला बाहेर बसवून आजोबा हळू आवाजात विचारतात, "डॉक्टरसाहेब, पोट्ट्याचं यात काही जमन काय, का सोडाले लावू?"

जमेल की नाही, हे सांगणे माझ्या शास्त्राच्या कक्षेत नाही. पण किती काळ वाट पाहावी लागते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे आणि ते मी प्रत्येक आजोबांना सांगतो.

जितेश शर्मा अमरावतीचा. जन्म ऑक्टोबर १९९३ चा. त्याला सैन्यदलात, विशेषतः वायुदलात जायचे होते. राज्यपातळीवर खेळले तर वाढीव गुण मिळतात, एवढ्या हिशेबाने तो क्रिकेटकडे वळला, हे त्याने स्वतःच सांगितलेले आहे. २०१४ मध्ये विदर्भाकडून तो एकदिवसीय सामना खेळला, २०१५ मध्ये रणजी. पुढे मुंबई इंडियन्सने त्याला दहा लाखांत घेतले, पण एकाही सामन्यात उतरवले नाही. घरातल्या मंडळींनी त्या काळात टीव्हीसमोर बसून काय सोसले असेल, याची कल्पना आपण करू शकता. आयपीएलमधला पहिला सामना त्याला मिळाला तो ३ एप्रिल २०२२ रोजी, पंजाब किंग्जकडून, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. भारताकडून पहिला सामना ३ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत. तिशी अवघ्या काही दिवसांवर आली होती. आणि २७ मे २०२५ रोजी लखनौला २२८ धावांचा पाठलाग करताना बंगळूरुसाठी त्याने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा केल्या. आठवड्याभरात, ३ जूनला, बंगळूरुने अठरा हंगामांत प्रथमच आयपीएल जिंकली. पहिल्या रणजी सामन्यापासून या दिवसापर्यंत जवळजवळ दहा वर्षे गेली.

अकोल्याच्या अथर्व तायडेची गती निराळी. सतराव्या वर्षी त्याने कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशाविरुद्ध ३२० धावा केल्या, अठराव्या वर्षी तो रणजी खेळला आणि २०२३ मध्ये आयपीएल. अकोल्याच्याच आदित्य ठाकरे या वेगवान गोलंदाजाचे पदार्पण थेट रणजीच्या अंतिम सामन्यात झाले. विदर्भाने पहिल्यांदा करंडक जिंकला तो हाच सामना. लगेच त्याला न्यूझीलंडला १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या संघात बोलावणे आले. ही नावे मुलांना पाठ असतात. जितेशच्या कथेतली रिकामी वर्षे मात्र कोणी सांगत नाही, म्हणून आजोबांनी ती आवर्जून सांगावीत.

यात वैद्यकाचा संबंध काय? तो घाईशी आहे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक दुखापती पडण्या-आपटण्याच्या नसतात. त्या अतिवापराच्या असतात. मुलग्यांची उंची साधारण तेरा ते पंधरा या वयात झपाट्याने वाढते. हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक मऊ पट्टा असतो, वाढ तिथे होते, आणि तो पट्टा हाडाइतका मजबूत नसतो. हाड लांबते, पण स्नायू आणि त्यांच्या दोऱ्या तितक्या वेगाने लांबत नाहीत. त्या हाडाला ओढून धरतात. त्यामुळे गुडघ्याखालचा उंचवटा किंवा टाच दुखते. हे दुखणे बहुधा विश्रांतीने आणि वाढ पूर्ण झाल्यावर जाते. त्यासाठी मूल कायमचे घरी बसवण्याची गरज नसते. धावणे-उड्या काही काळ कमी कराव्या लागतात.

पाठीचे तसे नाही. वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलाच्या कमरेच्या खालच्या मणक्यांवर दर चेंडूला ताण येतो. कणा एकाच वेळी मागे वाकतो, बाजूला झुकतो आणि पिळतो. तोच ताण हजारो वेळा आला की मणक्याच्या मागच्या कमानीला बारीक तडा जाऊ शकतो. जसप्रीत बुमराहला २०१९ मध्ये असाच तडा गेला होता. पुढे पाठीच्याच दुखण्यामुळे तो २०२२ चा टी-२० विश्वचषक मुकला, २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि मग तो परतला. त्याच्याभोवती तज्ज्ञांचा ताफा होता. आपल्या नातवाभोवती आपणच आहात.

म्हणून ही खूण लक्षात ठेवावी: कमरेत एकाच बाजूला दुखणे, गोलंदाजी केल्यावर वाढणारे, एका पायावर उभे राहून मागे वाकल्यास टोचणारे. असे दुखणे दोन आठवड्यांहून अधिक राहिले, तर मलम चोळत बसू नये. साध्या एक्स-रेमध्ये सुरुवातीचा तडा बहुधा दिसत नाही, एमआरआय लागतो. आणि तडा निघाला तर गोलंदाजी काही महिने पूर्ण बंद. त्याला पर्याय नाही.

मागील हंगामात असेच एक आजोबा पंधरा वर्षांच्या नातवाला घेऊन आले होते. निवड चाचणी आठ दिवसांवर. "एक सुई मारून द्या साहेब, चाचणी होऊ द्या, मग महिनाभर झोपवतो," असा त्यांचा आग्रह. सुई दिली नाही. वेदना ही हाडाची हाक असते. ती दाबून मूल दहा षटके टाकते आणि बारीक तडा आरपार होतो. मुलगा रडला, आजोबा रागावून गेले. दुसऱ्या डॉक्टरांकडे जातील ही धास्ती होती. चार दिवसांनी ते एमआरआयचा कागद घेऊन परतले, तडा होता. ती चाचणी गेली ती गेलीच. त्या मुलाचे पुढे काय होईल, मला ठाऊक नाही. सध्या तो कमरेच्या आणि पोटाच्या स्नायूंचे व्यायाम करतो, आणि आजोबा घड्याळ लावून समोर बसतात.

मेहनत किती असावी, याचा एक सोपा आडाखा क्रीडावैद्यक देते: मुलाचे वय जितके वर्षे, आठवड्याला साधारण तितकेच तास संघटित सराव; त्याहून अधिक नको. आणि आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण सुट्टी. शाळेचा संघ, क्लब आणि रविवारची टेनिस बॉलची स्पर्धा या तिघांचे हिशेब तीन वेगळ्या माणसांकडे असतात; बेरीज करणारे घरात कोणीतरी हवे. ते काम एका जुन्या वहीत आजोबा उत्तम करू शकतात. झोपेचाही हिशेब त्याच वहीत ठेवावा. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप लागते. पहाटे पाचला उठायचे असेल, तर नऊच्या आत मोबाईल आजीच्या उशाखाली गेलेला बरा.

आपल्याकडचा उन्हाळा मी वेगळा सांगायला नको. सकाळी साडेनऊनंतर मेमधला सराव मला मान्य नाही, प्रशिक्षक कितीही नामांकित असोत. पाण्याच्या बाटलीबरोबर मीठ-साखरेचे पाणी द्यावे: एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नये. उन्हात घाम गाळलेल्या मुलाला पाठदुखीवर डायक्लोफेनॅकसारखी गोळी देणे मूत्रपिंडासाठी घातक ठरू शकते.

गोळ्या-औषधांचा विषय निघाला आहे, तर येथे थोडे थांबू. घरात ज्येष्ठांच्या औषधांचा डबा असतो आणि खोकला झाला की आपले सिरप नातवाला दोन चमचे देण्याची आपली रीत असते. २०१८ मध्ये भारताच्या १९ वर्षांखालील संघाला विश्वचषक जिंकून देणारा कर्णधार पृथ्वी शॉ २०१९ मध्ये आठ महिन्यांसाठी निलंबित झाला. त्याच्या लघवीच्या नमुन्यात टर्ब्युटालिन सापडले होते. हे द्रव्य खोकल्याच्या कितीतरी औषधांत असते आणि ते त्याच्या शरीरात खोकल्याच्या औषधातूनच गेल्याचे क्रिकेट मंडळानेही मान्य केले. बंदी मात्र टळली नाही. राज्याच्या संघापर्यंत पोहोचलेल्या मुलाला कोणतेही औषध देण्यापूर्वी "हा खेळाडू आहे" एवढे डॉक्टरांना आणि औषध दुकानदाराला अवश्य सांगावे. व्यायामशाळेत मिळणाऱ्या पावडरींच्या डब्यांबाबत तर मी अधिक कठोर आहे. आत काय आहे याची खात्री नसते. वरण, उसळ, दूध, अंडी, शेंगदाण्याचा लाडू यांतून वाढत्या मुलाची प्रथिनांची गरज भागते.

वयाचा दाखला हाही एक मुद्दा. १६ वर्षांखालील मुलग्यांच्या स्पर्धांसाठी मंडळ डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय ठरवते. काही आजी त्या एक्स-रेच्या किरणांना घाबरतात. मात्रा अगदी अल्प असते, काळजी नको. घाबरायचे असेल तर जन्मतारीख दोन वर्षांनी मागे-पुढे करून देतो म्हणणाऱ्याला घाबरावे.

आता थोडे आपल्याविषयी. नातू मैदानावर, आणि आपण रात्री साडेसातपासून टीव्हीसमोर. २००६ मध्ये जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक झाला, तेव्हा म्युनिक आणि आसपासच्या भागात जर्मन संघाचे सामने असलेल्या दिवशी हृदयविकाराच्या तातडीच्या घटना नेहमीच्या अडीच पटींहून अधिक झाल्याचे तेथील डॉक्टरांनी नोंदवले आहे. आधीपासून हृदयाचा आजार असलेल्यांत धोका अधिक होता. सामना पाहू नये असे मी म्हणत नाही. पाहिल्याशिवाय राहवणार नाही हेही जाणतो. पण जेवण आणि रक्तदाबाची, मधुमेहाची गोळी ठरल्या वेळीच घ्यावी. "एवढी ओव्हर होऊ दे" म्हणून पुढे ढकलू नये. दर अर्ध्या तासाने उठून अंगणात चार फेऱ्या माराव्यात, पाय सुजत नाहीत. छातीत दाब, डाव्या हातात वा जबड्यात कळ, दरदरून घाम यांपैकी काही जाणवल्यास सामना कोणत्याही वळणावर असो, घरच्यांना उठवावे आणि १०८ ला फोन करावा. ज्यांना हृदयाचा त्रास आहे, त्यांनी सॉर्बिट्रेटची गोळी कुठे ठेवली आहे, हे नातवालाही दाखवून ठेवावे.