माहेरची मॅरेथॉन

"पंधरा दिवसांसाठी येतेस, आणि त्यातही पळतेस?"

हे वाक्य मला आता पाठ झालंय. आत्या म्हणते, मामी म्हणते, शेजारच्या काकू म्हणतात, आणि हो, सख्खा भाऊसुद्धा म्हणतो. अमेरिकेतून आई-बाबांना भेटायला यायचं आणि त्यातला एक अख्खा रविवार मुंबई मॅरेथॉनला द्यायचा, हे या सगळ्यांना शुद्ध आपमतलबीपणाचं वाटतं.

माझं मत नेमकं उलट आहे. आई-वडील राहतात त्या गावात शर्यत होत असेल, तर पळणाऱ्या मुलांनी वर्षातली बाकी कुठलीही सोडावी, पण ती सोडू नये. (आत्या, रागावण्याआधी शेवटपर्यंत वाच.)

आधी व्यवहाराचं बोलू. ही मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि आता जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. नाव कित्येक महिने आधी नोंदवावं लागतं. त्यामुळे "बघू, सुट्टी मिळाली तर येते" हे आपलं नेहमीचं वाक्य बाद होतं. तिकीट निघतं, बाबा कालनिर्णयवर लाल गोल करतात आणि तो गोल मग पुसता येत नाही.

दुसरं म्हणजे, न्यू जर्सीच्या थंडीत सराव केलेल्या शरीराला मुंबईची दमट हवा अंगवळणी पडायला दहा-बारा दिवस लागतात. म्हणजे आधीच येऊन राहायला हवं! एरवी माझी रजा नऊ दिवसांच्या पुढे जात नाही, ती पंधरा दिवसांची झाली. आणि हे दिवस सरावात जात नाहीत. लांब पल्ल्याची पळणी तोवर उरकलेली असतात. शेवटचे दोन-तीन आठवडे पळणं कमी करत आणायचं असतं आणि शेवटचे दोन-तीन दिवस भात-पोळी जास्त खाऊन स्नायूंत साखरेचा साठा करायचा असतो. संक्रांतीच्या आठवड्यात, आईच्या हातची गुळपोळी समोर असताना, याहून सोपं पथ्य कुठलं? शर्यतीनंतर दोन दिवस जिना उतरवत नाही, म्हणून लेक घरातच बसते. ते दोन दिवस आईला फुकटात मिळतात.

पण खरा मुद्दा हा नाहीच.

एक हिशोब मी कधीतरी मनात केला होता. दर वर्षी पंधरा दिवस आणि आणखी दहा वर्षं मिळाली (मिळोतच!), तर दीडशे दिवस. पाच महिने. आई-बाबांबरोबरचं एवढंच आयुष्य शिल्लक आहे. मग त्यातला एक दिवस तरी रस्त्यावर का घालवायचा? प्रश्न रास्त आहे.

उत्तर असं, की परदेशातून आलेली मुलं या दिवसांचं करतात काय, ते आठवून पाहा. गोळ्या वेळेवर घेता ना? रिपोर्ट कुठे ठेवलेत? बँकेचं केवायसी झालं का? बाथरूममध्ये दांडी बसवून घेऊ. सगळं गरजेचंच आहे, पण या सगळ्यात आई-बाबा म्हणजे आपल्या यादीतली कामं होऊन बसतात. काळजी घेणारे आपण आणि घ्यायला लावणारे ते. ज्यांनी आपल्याला वाढवलं त्यांना हे किती जड जात असेल!

२०२४च्या जानेवारीत आमच्या घरात हे उलटं झालं. बाबांनी वहीत माझ्या वेगाचा तक्ता मांडला. ताशी नऊ किलोमीटर, म्हणजे सिद्धिविनायकाशी आठच्या सुमारास. पाणी पुरेसं प्यायलीस का, नवे मोजे घालू नकोस, लवकर झोप, असं दिवसभर चालू. काळजी करायची पाळी पुन्हा त्यांच्याकडे गेली होती, आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणूस त्याने ताजातवाना दिसत होता.

शर्यतीत अर्धं अंतर केव्हाच मागे पडलं होतं. वीर सावरकर मार्गावर (जुन्या लोकांचा कॅडेल रोड) आई संत्र्याच्या सोललेल्या फोडी घेऊन उभी होती. बाबा काठी टेकत दहा पावलं माझ्याबरोबर चालले. "खांदे सैल सोड," म्हणाले. शाळेच्या शर्यतीत हेच म्हणायचे. पुढे ३५ किलोमीटरच्या आसपास पेडर रोडचा चढ लागतो, तिथे भलेभले चालायला लागतात. मीही चालले. पण खांदे सैल सोडून चालले.

अर्थात अटी आहेत. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर शर्यत बिनदिक्कत सोडावी. स्वतःसाठी वेगळा स्वयंपाक मागू नये. पहाटे तीनला म्हाताऱ्या माणसांना उठवू नये (जेटलॅग आपल्याला उठवतोच). आणि वेळेचा विक्रम करायचा असेल तर तो दुसऱ्या गावात करावा. इथे ओळखीच्या माणसांपाशी थांबण्यात चार मिनिटं जाणार, ती जाऊ द्यावीत.

मुंबईच हवी असंही नाही. पुण्याची मॅरेथॉन १९८३ पासून आहे, साताऱ्याची हिल हाफ २०१२ पासून. पळत नसाल तर वारीतला एखादा टप्पा चाला किंवा गल्लीच्या गणपतीत एकांकिका बसवा. काहीही करा, पण त्यात तुम्हाला आई-बाबांची गरज लागली पाहिजे. खरोखरची, त्यांना बरं वाटावं म्हणून दाखवलेली नव्हे.

असो. आत्या, जानेवारीत मी येतेय. चहाचा थर्मास यंदा तुझ्याकडे.