पहिली पायरी राहिली, जिना गेला

अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने ऑगस्ट २०२३मध्ये एक प्रस्ताव जाहीर केला आणि तेथील उच्च शिक्षणाच्या वर्तुळात खळबळ उडाली. साडेचार कोटी डॉलरची तूट भरून काढण्यासाठी जागतिक भाषांचा संपूर्ण विभागच बंद करावा, काही पदव्यांसाठी असलेली परकीय भाषेची अटही रद्द करावी, असा तो प्रस्ताव होता. भाषा शिकू इच्छिणाऱ्यांसाठी मोबाइलवरील अॅप किंवा अन्य विद्यापीठाच्या ऑनलाइन वर्गांचा पर्याय शोधता येईल, असेही सुचविण्यात आले. विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले. प्राध्यापकांनी तत्कालीन अध्यक्ष गॉर्डन गी यांच्यावर ७९७ विरुद्ध १०० मतांनी अविश्वास व्यक्त केला. तरीही १५ सप्टेंबर २०२३ रोजी नियामक मंडळाने २८ अभ्यासक्रम आणि प्राध्यापकांच्या १४३ जागा कमी करण्यावर शिक्कामोर्तब केले. भाषांच्या बाबतीत मात्र प्रशासनाने एक पाऊल मागे घेतले. स्पॅनिश आणि चिनी या दोन भाषांचे प्रत्यक्ष वर्ग ऐच्छिक विषय म्हणून सुरू ठेवायचे आणि त्यासाठी मोजके शिक्षक ठेवायचे, असे ठरले. या भाषांत पदवी घेण्याची सोय तेवढी संपली.

वरकरणी ही तडजोड समंजस वाटते. बहुतेक विद्यार्थ्यांना स्पॅनिश साहित्याची पदवी नकोच असते. त्यांना प्राथमिक स्पॅनिशच्या एक-दोन सत्रांपुरतीच भाषा हवी असते. तेवढी ठेवली तर बिघडले कोठे, असा प्रशासनाचा युक्तिवाद. मेख आहे ती येथेच. विद्यापीठातील प्राथमिक वर्ग हा स्वतंत्रपणे उभा राहू शकणारा खांब नाही. त्याच्यावरचे मजले काढून घेतले की त्याचे काय होते, हा मॉर्गनटाऊनमधून पुढे आलेला खरा प्रश्न आहे, आणि तो एका विद्यापीठापुरता उरलेला नाही.

अमेरिकेत स्पॅनिश ही नावापुरतीच परकी भाषा आहे. २०२०च्या जनगणनेनुसार तेथील हिस्पॅनिक लोकसंख्या ६ कोटी २१ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या १८.७ टक्के आहे. घरात स्पॅनिश बोलणाऱ्यांची संख्या चार कोटींच्या पुढे आहे. साहजिकच महाविद्यालयांतील भाषांच्या वर्गांत स्पॅनिशचे वर्चस्व निर्विवाद आहे. मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या पाहणीनुसार २०२१मध्ये इंग्रजीखेरीज अन्य भाषांच्या वर्गांत झालेल्या सुमारे ११ लाख ८२ हजार नोंदण्यांपैकी ५ लाख ८४ हजार एकट्या स्पॅनिशच्या होत्या. परंतु हाच आकडा २०१६च्या तुलनेत १८ टक्क्यांनी खाली आला होता. सर्व भाषांची मिळून घसरण १६.६ टक्के होती; म्हणजे सर्वांत 'उपयुक्त' समजली जाणारी भाषाही सरासरीपेक्षा अधिक घसरली. वाढली ती कोरियन, तब्बल ३८ टक्क्यांनी. कोरियन संगीत आणि मालिकांनी जे साधले ते शेजारच्या चार कोटी माणसांना साधले नाही, हा विरोधाभास बोलका आहे.

'स्पॅनिश १०१' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वर्गात नेमके काय शिकवले जाते, हे पाहिले तर या वादाचे मर्म ध्यानात येते. पहिल्या आठवड्यात अभिवादन, अंक, वार. मग नामांची लिंगे. मग क्रियापदांची रूपे. इंग्रजीला सरावलेल्या विद्यार्थ्याची पहिली दमछाक होते ती 'असणे' या एका क्रियेसाठी असलेल्या 'सेर' आणि 'एस्तार' या दोन क्रियापदांमुळे. 'एस अबुर्रिदो' म्हटले तर माणूस कंटाळवाणा ठरतो, 'एस्ता अबुर्रिदो' म्हटले तर तो कंटाळलेला असतो. एवढ्याशा फरकाने प्रशंसा, निंदा आणि सहानुभूती यांची अदलाबदल होते. पुढचा अडथळा 'मे गुस्ता'चा. इंग्रजीत 'मी' हा कर्ता आणि आवडणे ही त्याची क्रिया. स्पॅनिशमध्ये मात्र आवडणारी वस्तू हीच कर्ता. 'मे गुस्ता एल काफे', पण 'मे गुस्तान लोस लिब्रोस'. अमेरिकी विद्यार्थी या एका रचनेवर आठवडेच्या आठवडे अडखळतो. मराठी माणसाला मात्र ती पाहताक्षणी ओळखीची वाटावी. 'मला कॉफी आवडते', 'मला पुस्तके आवडतात', असे आपण जन्मापासून बोलत असतो. 'तू' आणि 'उस्तेद' यांतील अंतरही 'तू' आणि 'आपण' म्हणणाऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही; स्पॅनिशमधील त, द हे वर्ण दंत्य आहेत, तेही जिभेला परके नाहीत. तीन लिंगे सांभाळणाऱ्याने दोन लिंगांना घाबरण्याचे कारण नाही. 'प्रोब्लेमा' पुल्लिंगी का, या प्रश्नाला तर स्पॅनिश मुलेही पाठांतरानेच उत्तर देतात.

पण एवढे सगळे किती तासांत? अमेरिकी महाविद्यालयात एक सत्र साधारण पंधरा आठवड्यांचे, आठवड्याला तीन ते चार तास. दोन सत्रे मिळून ९० ते १२० तास होतात. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. इंग्रजी भाषकांना सर्वांत सोप्या ठरणाऱ्या भाषांच्या गटात ती स्पॅनिशला ठेवते, आणि तरीही कामकाजापुरते प्रभुत्व येण्यासाठी ६०० ते ७५० तासांचे वर्ग लागतात, असा तिचा अनुभव आहे. म्हणजे प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण करणारा विद्यार्थी वाटेच्या फार तर पाचव्या हिश्श्यापर्यंत पोहोचतो. तेथे त्याला स्वतःची ओळख करून देता येते, जेवण मागवता येते, रस्ता विचारता येतो. उत्तर समजेलच याची खात्री नसते.

अर्धवट समजण्याची किंमत किती मोठी असू शकते, याचे एक उदाहरण अमेरिकी वैद्यकीय दुभाष्यांच्या प्रशिक्षणात आजही सांगितले जाते. १९८०मध्ये दक्षिण फ्लोरिडातील एका रुग्णालयात अठरा वर्षांच्या एका क्यूबन वंशाच्या तरुणाला बेशुद्धावस्थेत आणण्यात आले. तो 'इन्तोक्सिकादो' आहे, असे कुटुंबीयांनी सांगितले. क्यूबन बोलीत याचा अर्थ काहीतरी खाण्यापिण्यात आल्याने प्रकृती बिघडली, असा. इंग्रजीतील त्याच्याशी मिळत्याजुळत्या शब्दाचा अर्थ नशेत असणे. डॉक्टरांनी अमली पदार्थांचे अतिसेवन झाल्याचे गृहीत धरून उपचार केले. प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होत होता. तरुणाचे हातपाय कायमचे लुळे पडले आणि भरपाईची रक्कम त्याच्या आयुष्यभराचा हिशेब धरून सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरवर गेली. असे फसवे जुळे शब्द प्राथमिक पुस्तकात चौकटीत छापलेले असतात. 'एम्बारासादा' म्हणजे ओशाळलेली नव्हे, गरोदर. हे पाठ होते. पण क्यूबातला अर्थ आणि माद्रिदमधला अर्थ वेगळा असू शकतो, हे भान येते ते वरच्या वर्गांत, जेथे बोली, समाज आणि इतिहास शिकवला जातो.

शिवाय प्राथमिक वर्ग शिकवतो कोण? अमेरिकेतील मोठ्या विद्यापीठांत हे वर्ग बहुतांशी एमए किंवा पीएचडी करणारे टीचिंग असिस्टंट घेतात. शुल्कमाफी आणि तुटपुंजे मानधन यांच्या बदल्यात ते रोज सकाळी वीस-पंचवीस जणांकडून क्रियापदे घोकून घेतात. पदव्युत्तर अभ्यासक्रम बंद झाला की ही फौज नाहीशी होते. पदवी बंद झाली की राज्यातील शाळांना स्पॅनिशचे शिक्षक मिळणे अवघड होते. मग शाळेतून येणारी पुढची पिढी आणखी कच्ची असते आणि प्राथमिक वर्गातील ओढ आणखी आटते. मग कमी नोंदणीचे कारण देऊन तो वर्गही बंद करणे सोपे जाते. हे चक्र ताळेबंदात दिसत नाही, कारण ताळेबंद एका वर्षाचा असतो.

आणखी एका गटाचा विचार या चर्चेत जवळजवळ झालाच नाही. तो म्हणजे घरात स्पॅनिश ऐकत वाढलेली, पण ती बोलू न शकणारी मुले. प्यू रिसर्च सेंटरने २०२३मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार तिसऱ्या किंवा त्यापुढच्या पिढीतील लॅटिनोंपैकी केवळ ३४ टक्क्यांना स्पॅनिशमध्ये बऱ्यापैकी संवाद साधता येतो. ज्यांना येत नाही, त्यांतील ५४ टक्क्यांना अन्य लॅटिनोंनीच त्यावरून हिणवले आहे. 'मला माहीत नाही' यासाठी 'नो से' हा योग्य प्रयोग. मुले नियमाच्या अंदाजाने 'नो साबो' म्हणतात आणि तेच त्यांचे टोपणनाव होते. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात वाढलेल्या मराठी घरांतील आजी-आजोबांना हे दुःख निराळे सांगायला नको. नातवाला सगळे कळते, उत्तर मात्र इंग्रजीत येते. असा विद्यार्थी 'स्पॅनिश १०१'मध्ये बसला तर पहिला महिना कंटाळतो आणि दुसऱ्या महिन्यात लेखनात नापास होतो. त्याच्यासाठी वेगळा अभ्यासक्रम लागतो, तो आखणारा अनुभवी प्राध्यापक लागतो. मोजक्या शिक्षकांच्या विभागात ही चैन परवडत नाही.

विद्यापीठ प्रशासनाची बाजू अगदीच पोकळ होती, असे म्हणता येणार नाही. वेस्ट व्हर्जिनियात हिस्पॅनिक लोकसंख्या २०२०मध्ये जेमतेम १.९ टक्के होती. विद्यापीठाची पटसंख्या २०१५पासून सुमारे दहा टक्क्यांनी घटली होती. पैसा हवेतून येत नाही. परंतु राज्यातील तरुण नोकरीसाठी याच राज्यात राहणार, हे गृहीतक कोणत्या आधारावर, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारला होता आणि त्याचे समाधानकारक उत्तर आले नाही. अॅपवर शब्द पाठ होतात, उच्चारही सुधारतात. चुकीचा प्रयोग केल्यावर समोरच्याच्या कपाळावर आठी उमटते, ती काही दिसत नाही.

दरम्यान राजकीय वाराही फिरला. जानेवारी २०२५मध्ये व्हाइट हाउसचे स्पॅनिश संकेतस्थळ बंद झाले. १ मार्च २०२५ रोजी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी आदेश काढून इंग्रजीला अमेरिकेची अधिकृत भाषा घोषित केले. इंग्रजी न येणाऱ्यांना सरकारी सेवा त्यांच्या भाषेत मिळाव्यात यासाठी क्लिंटन यांनी २०००मध्ये काढलेला आदेशही त्याच वेळी मागे घेण्यात आला. त्याच वर्षी इंडियाना राज्याने कायदाच केला. पदवी अभ्यासक्रमातून तीन वर्षांच्या सरासरीने दरसाल किमान १५ आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमातून ७ विद्यार्थी उत्तीर्ण होत नसतील, तर तो चालवण्यासाठी राज्याच्या उच्च शिक्षण आयोगाची परवानगी घ्यावी लागेल. जून २०२५ संपण्यापूर्वीच तेथील सार्वजनिक विद्यापीठांनी चारशेहून अधिक अभ्यासक्रम बंद, स्थगित किंवा विलीन करण्याची तयारी दाखवली. त्यात भाषांचे अभ्यासक्रम आहेतच. कायद्यातील मोजणी पदवीधरांची आहे. प्राथमिक वर्गात दरवर्षी किती जण बसतात आणि त्यांना कोण शिकवते, याचा रकाना त्यात नाही.