‘वयानुरूप बदल’ पुरे झाले

भोसरीच्या एका फॅमिली फिजिशियनचे पत्र समोर आहे. निवृत्त टर्नर, वय ६८. दीड वर्ष विसराळूपणा, चाल मंदावलेली. घरच्यांनी उसनवारी करून एमआरआय काढला. फ्लेअरवर व्हेंट्रिकलभोवतीचे पांढरे पट्टे लांबून दिसावेत असे. रिपोर्टात मात्र एकच ओळ: वयानुरूप बदल, क्लिनिकल माहितीशी ताडून पाहावे. ताडायचे कशाशी, असे डॉक्टर विचारतात. क्लिनिकल माहिती तोकडी पडली म्हणूनच तर त्यांनी पेशंट मशीनमध्ये घातला होता.

अशी पत्रे पूर्वीही आली आहेत. व्हाइट मॅटरच्या डागांची फझेकस श्रेणी १९८७ पासून आपल्या हाताशी आहे. शून्य ते तीन, पेरिव्हेंट्रिक्युलर आणि डीप वेगवेगळे. लिहायला मिनिटही लागत नाही. तरी लिहिली जात नाही, कारण व्हाइट मॅटर रक्तवाहिन्यांचे आणि अल्झायमर्स ग्रे मॅटरचा, ही वाटणी डोक्यात घट्ट बसली आहे. ती केव्हाच मोडली. आनुवंशिक अल्झायमर्सच्या कुटुंबांत, बीपीकडे बोट दाखवता येणार नाही अशा वयात, लक्षणांच्या कित्येक वर्षे आधी व्हाइट मॅटरमधले डाग वाढलेले दिसतात, आणि तेही मागच्या बाजूला, पॅरायटल-ऑक्सिपिटल भागात जास्त. म्हणजे श्रेणीइतकीच जागाही लिहायला हवी. २०२३ मध्ये गटिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवले की उंदरांत मायलिन बिघडले की अमायलॉइड जास्त साचते, मायक्रोग्लिया मायलिनचा कचरा उपसण्यात अडकतात आणि प्लाककडे फिरकत नाहीत. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, कबूल. पण श्रेणी न लिहायला हे कारण पुरत नाही.

स्वस्त ‘स्क्रीनिंग ब्रेन’ पॅकेजमधून सूक्ष्म रक्तस्राव दाखवणारा एसडब्ल्यूआय सिक्वेन्स गाळणाऱ्यांनाही एक सांगणे. अल्झायमर्सवरच्या लेकानेमॅब या औषधाच्या मुख्य चाचणीत चारपेक्षा जास्त सूक्ष्म रक्तस्राव असलेल्यांना घेतलेच नव्हते. जे सिक्वेन्समध्येच नाही ते मोजणार कसे?

आता कारखान्यांतले आपले डॉक्टर सभासद. या टर्नरचे बीपी नोकरीभर दरवर्षी कुणीतरी मोजले. आकडे हेल्थ रजिस्टरमध्ये उतरले, सही-शिक्का झाला, रजिस्टर कपाटात गेले. इन्स्पेक्टर आला की बाहेर, गेला की आत. निरोपाच्या दिवशी शाल मिळाली, श्रीफळ मिळाले, ग्रॅच्युइटीचा चेक मिळाला. बीपीचे आकडे मिळाले नाहीत. मुलगा मागायला गेला तर उत्तर आले की माहिती गोपनीय आहे. ज्याचे बीपी त्याच्यापासूनच गोपनीय! असा कुठलाही नियम आम्हाला सापडलेला नाही. कुणाला सापडला तर कळवावे, छापू.

हे आकडे का हवेत? स्प्रिंट माइंड या बीपीच्या चाचणीत (२०१९) सिस्टॉलिक १२० च्या खाली ठेवायचे उद्दिष्ट असलेल्या गटात सुमारे चार वर्षांत व्हाइट मॅटरचे डाग ०.९२ घन सेंटिमीटरने वाढले, नेहमीच्या उपचारांच्या गटात १.४५ ने. मधुमेही त्यात नव्हते, हे आपल्या पट्ट्यात विसरून चालणार नाही. पिंपरी-आकुर्डीच्या जुन्या कामगारांची वेळ बहुतेक निघून गेली. चाकणला २००९-१० च्या सुमारास लाइनवर उभी राहिलेली पोरे आता चाळिशीच्या आसपास आहेत, आणि त्यांची रजिस्टरे आज तुमच्याच टेबलावर आहेत.

बी-१२ सुद्धा तपासा. पुण्याच्या केईएममधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले होते, त्यांत ६७ टक्क्यांचे बी-१२ कमी निघाले. या कमतरतेने होणारे मायलिनचे नुकसान इंजेक्शनने आवरता येते, आणि बी-१२ कमी करणारे मेटफॉर्मिन लिहिणारे आपणच आहोत.

तेव्हा मित्रहो, तुमच्याकडे आलेले शेवटचे दहा ब्रेन एमआरआय रिपोर्ट, पेशंटचे आणि सेंटरचे नाव झाकून, वीस तारखेपर्यंत पाठवा. किती रिपोर्टांत श्रेणी आहे तो आकडा पुढच्या अंकात पहिल्या पानावर छापू. पाकिटावर ठळक ‘फझेकस’ लिहा, नाहीतर ते वर्गणीच्या टपालात जाईल.