सरांची भक्ती नको, मैदानाला नियम हवेत!

वस्तीतल्या पोरांच्या पायाला फुटबॉल लागला, ही गेल्या पंचवीस वर्षांतली आनंदाची गोष्ट आहे. क्रिकेटला बॅट लागते, पॅड लागतात, क्लबच्या फीची पावती लागते. फुटबॉलला एक चेंडू आणि दगड मांडून केलेले दोन गोल पुरतात. नागपुरात प्रा. विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतल्या मुलांना हाताशी धरून स्लम सॉकरचे काम सुरू केले. त्यावरून नागराज मंजुळे यांनी २०२२ साली ‘झुंड’ काढला आणि आपली भीमजयंती थेट मोठ्या पडद्यावर झळकली. कोल्हापुरात पेठांचे आणि तालमींचे संघ छत्रपती शाहू स्टेडियम दणाणून सोडतात. आता गावोगावी जयंतीनिमित्त फुटबॉलचे सामने भरू लागले आहेत. हे सर्व स्वागतार्हच आहे. पण पोर मैदानावर सोडले की आपली जबाबदारी संपली काय? तिथे त्याच्या अंगाला, त्याच्या मनाला इजा होणार नाही, हे कोण पाहतो?

हा प्रश्न आम्ही विचारतो, कारण समाजात तो विचारला जात नाही. पोरगा मैदानावर गेला म्हणजे वाईट संगतीतून वाचला, असे आईला वाटते. चार घरची धुणीभांडी करून किंवा बांधकामावर घमेली उचलून ती संध्याकाळी घरी येते, तेव्हा पोर ‘सरांकडे’ आहे हाच तिचा आधार असतो. सर बूट देतात, किट देतात, सिलेक्शन करतात, बाहेरगावी मॅचला नेतात. उद्या खेळाडू कोट्यातून नोकरी लागेल, अशी आशाही तेच दाखवतात. म्हणजे मुलाचे आजचे कौतुक आणि उद्याचे भवितव्य एकाच माणसाच्या मुठीत. ज्याच्या मुठीत सर्व काही आहे, त्याच्याविरुद्ध बारा वर्षांचे पोर तोंड कसे उघडणार?

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पदरचे पैसे घालून, उन्हातान्हात उभे राहून मुले घडविणारे कित्येक प्रशिक्षक आपल्या समाजात आहेत. त्यांच्याविषयी आम्हाला आदरच आहे. परंतु मुलांची सुरक्षा कोणाच्याही चांगुलपणावर सोपवून चालत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी या देशाला बजावले होते, की माणूस कितीही मोठा असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका. राजकारणातली भक्ती अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा मार्ग आहे. हा इशारा दिल्लीच्या सत्तेपुरता नाही. फुटबॉलचे मैदान हेही एक छोटे राज्यच असते. तिथेही सत्ता असते, प्रजा असते आणि भक्तीही असते. जिथे भक्ती आहे तिथे प्रश्न विचारला जात नाही आणि जिथे प्रश्न विचारला जात नाही तिथे लेकरू असुरक्षित असते.

ज्या देशाने जगाला फुटबॉल दिला त्या इंग्लंडचे उदाहरण घ्या. बॅरी बेनेल हा तिथला नावाजलेला प्रशिक्षक. गुणी मुले हेरण्यात त्याचा हात धरणारा नाही, असा लौकिक. मुले त्याच्या घरी मुक्कामाला जात आणि आपल्या पोराची निवड झाली म्हणून आईबाप खूश असत. नोव्हेंबर २०१६ मध्ये अँडी वुडवर्ड या माजी खेळाडूने उघडपणे सांगितले, की वयाच्या अकराव्या वर्षापासून हा माणूस आपल्यावर अत्याचार करीत होता. त्यानंतर एकामागून एक माजी खेळाडू बोलू लागले. २०१८ साली बेनेल १२ मुलांवरील ५० गुन्ह्यांत दोषी ठरला आणि २०२३ साली तुरुंगातच मेला. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने नेमलेल्या चौकशीचा अहवाल मार्च २०२१ मध्ये आला. १९७० ते २००५ या काळातील किमान २४० संशयित आणि ६९२ पीडित त्यात नोंदले गेले. धोका लक्षात आल्यावरही १९९५ ते २००० या काळात संघटनेने संरक्षणाचे उपाय करण्यात दिरंगाई केली, असा ठपकाही अहवालाने ठेवला. इतकी मुले होरपळली, ती केवळ काही नराधम होते म्हणून नव्हे. ‘एवढा मोठा कोच असे करणारच नाही’ असे मानून बाकीचे सर्व गप्प राहिले, म्हणूनही.

आपल्या देशात तरी वेगळे काय घडले? हरियाणात १९९० साली १४ वर्षांच्या एका टेनिसपटू मुलीचा विनयभंग झाला. करणारा एस. पी. एस. राठोड हा राज्याच्या टेनिस संघटनेचा अध्यक्ष आणि पोलीस महानिरीक्षकही! तक्रार करायची तर कोणाकडे? मुलीला शाळेतून काढले गेले, तिच्या भावावर वाहनचोरीचे गुन्हे दाखल झाले. १९९३ साली त्या मुलीने आत्महत्या केली. विनयभंगाचा गुन्हा नोंदला गेला तो १९९९ साली आणि आरोपी दोषी ठरला तो २००९ साली. शिक्षा किती? सहा महिने! पुढे ती दीड वर्षाची झाली आणि २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवून, भोगली तेवढीच शिक्षा पुरेशी मानली. फुटबॉलही यातून सुटलेला नाही. २०२२ साली भारताच्या १७ वर्षांखालील मुलींच्या संघाच्या सहाय्यक प्रशिक्षकाला युरोप दौऱ्यातील गैरवर्तनाच्या आरोपावरून काढून टाकावे लागले. देशाच्या संघात ही तऱ्हा, तर गल्लीतल्या क्लबचे काय?

हरियाणातील त्या मुलीचे वडील बँकेत अधिकारी होते. तिच्या मैत्रिणीच्या आईवडिलांनी १९ वर्षे हे प्रकरण सोडले नाही. तरीही हा न्याय! मग ज्या मुलाचा बाप नाक्यावर उभा राहून रोजंदारी शोधतो आणि ज्याचे आडनाव ऐकताच ठाण्यातला हवालदार खुर्चीवरून हलत नाही, त्याचे कोण ऐकणार? ‘तुमच्या वस्तीत असलेच चालते’ हे वाक्य आपल्या माणसांनी किती वेळा ऐकले आहे! अत्याचार करणारा हे पक्के ओळखून असतो. ज्याच्या शब्दाला वजन नाही, ज्याच्या घरी विचारणारे कोणी नाही, असेच पोर तो निवडतो. म्हणून मुलांच्या सुरक्षेचा प्रश्न हा दुर्बलांच्या हक्काचा प्रश्न आहे. बालपण आणि तारुण्य यांना शोषणापासून संरक्षण मिळावे, असे संविधानाचे ३९ वे कलम राज्याला सांगते. हे संरक्षण बंगल्यातल्या मुलांपुरते नाही.

आणखी एक गैरसमज खोलवर रुजला आहे. मुलीला जपायचे, मुलग्याला काय होते? केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा २००७ सालचा अभ्यास पाहा. १३ राज्यांतील १२ हजारांहून अधिक मुलांशी बोलून तो केला गेला. कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ सोसल्याचे ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी सांगितले आणि त्यांत निम्म्याहून अधिक मुलगे होते. छळ करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलाच्या ओळखीतले, त्याचा विश्वास असलेले होते. आपण मात्र ‘मर्द बन, रडतोस काय’ म्हणून पोराचे तोंड आधीच बंद करतो. मग त्याने सांगायचे कोणाला?

कायदा आज आपल्या बाजूने आहे, तो माहीत मात्र हवा. पोक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. १८ वर्षांखालील मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही तो सारखाच संरक्षण देतो. विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या जागेवर बसून अत्याचार करणाऱ्याला अधिक कडक शिक्षा सांगतो. कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळले त्याने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत शिक्षा किंवा दंड. आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचे कृत्य दडविल्यास एक वर्षापर्यंत शिक्षा. म्हणजे ‘आपसात मिटवू’ म्हणणारा क्लबचा अध्यक्षही गुन्हेगार ठरतो! मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, गणवेश न घालता घ्यायचा असतो. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. त्याची ओळख उघड करणे हाही गुन्हा आहे. मूल अनुसूचित जाती-जमातीचे आणि आरोपी त्याबाहेरचा असेल, तर ॲट्रॉसिटी कायद्याची कलमेही लागू शकतात. एफआयआरवर सही करण्यापूर्वी ते विचारून घ्या. १०९८ या क्रमांकावर रात्री-अपरात्री मदत मागता येते. हा क्रमांक पोरांना पाठ असला पाहिजे.

पण कायदा येतो तो गुन्हा घडल्यावर. त्याआधीचे काय? ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुरड्यांवर अत्याचार झाला, तक्रार नोंदविण्यासाठी पालकांना तासन्‌तास ताटकळावे लागले आणि संतापलेल्या लोकांनी रेल्वे रोखली. तेव्हा कुठे सरकारने शाळांना सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी आणि तक्रारपेटी यांचा आदेश काढला. हा आदेश शाळांसाठी होता. वस्तीतला फुटबॉल क्लब म्हणजे एखादे मंडळ, एक चेंडू आणि एक सर. तिथे शिक्षणाधिकारी तपासणीला येत नाहीत. म्हणून तिथले नियम पालकांनी आणि कार्यकर्त्यांनीच करायचे आहेत.

हे नियम अवघड नाहीत. त्यांना पैसाही फारसा लागत नाही. पहिला नियम, कोणताही मोठा माणूस कोणत्याही मुलासोबत बंद दाराआड एकटा राहणार नाही. सरावाला किमान दोन मोठी माणसे हजर असतील. दुसरा, मुलींचा संघ असेल तर सोबत बाई हवीच. मुले कपडे बदलतात त्या खोलीत मोठ्यांनी घुटमळायचे नाही आणि मोबाईल तर न्यायचाच नाही. तिसरा, बाहेरगावी जाताना पालकांची लेखी संमती घ्यायची. मुक्कामात सरांची खोली वेगळी, मुलांची वेगळी. चौथा, मुलाला रात्री-बेरात्री खासगी मेसेज नाहीत. जो निरोप असेल तो पालक असलेल्या ग्रुपवर. पाचवा, नवा प्रशिक्षक घेताना तो आधी कुठे होता आणि तिथून का गेला, याची चौकशी करायची, पोलीस पडताळणी मागायची. सहावा आणि सर्वात महत्त्वाचा, तक्रार ऐकणारा माणूस प्रशिक्षकाहून वेगळा हवा. सिलेक्शन ज्याच्या हातात, तक्रारही त्याच्याच हातात, असे चालणार नाही. वस्तीतली एखादी शिक्षिका, आशाताई किंवा बचत गटातली खमकी बाई या कामाला नेमा आणि तिचा नंबर मैदानावरच्या फलकावर लिहा.

शिस्तीच्या नावाखाली होणारी मारहाणही याच यादीत आली पाहिजे. चूक केली म्हणून भर उन्हात पळायला लावणे, पाणी न देणे, आईबहिणीवरून शिव्या, जातीवरून टोमणे, याला प्रशिक्षण म्हणत नाहीत. लोखंडी गोलपोस्ट जमिनीत नीट रोवलेला नसला तर तो अंगावर पडून पोर दगावू शकते. प्रथमोपचाराची पेटी आणि प्यायचे पाणी नसेल तर सराव सुरू करू नये. पोरांच्या अंगाची किंमत ज्या क्लबला नाही, त्याच्या कपाटातल्या करंडकाला काय चाटायचे आहे?

काही प्रशिक्षक म्हणतील, एवढे नियम म्हणजे आमच्यावर अविश्वास. आम्ही म्हणतो, उलट आहे. दोन माणसे हजर असली, व्यवहार उघड्यावर असला, तर प्रामाणिक माणसावर खोटा आळ येण्याची भीतीही उरत नाही. नियमाने अडतो तो वाईट हेतूचा माणूस. ज्याने निष्ठेने क्लब उभा केला त्याने तर नियमाचा आग्रह स्वतःच धरावा. तो आज आहे, उद्या त्याच्या जागी दुसरा येईल. क्लब मात्र राहायचा आहे.

आता सर्वात कठीण गोष्ट. आरोप ज्याच्यावर आहे तो आपलाच माणूस असेल तर? जयंतीच्या मिरवणुकीत पुढे असणारा, मोर्चात घोषणा देणारा, वस्तीसाठी धावून जाणारा असेल तर? ‘बाहेर बोलू नका, चळवळीची बदनामी होईल, विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल’ असे सांगणारे शहाणे लगेच पुढे येतात. बैठक बसते, मुलाच्या बापाची समजूत घातली जाते आणि ते पोर मैदान सोडून घरी बसते. ही बदनामी नाही काय? गावकीने आणि जातपंचायतीने आपल्यावर जे केले, तेच आपण आपल्या लेकरावर करायचे? पाटलाच्या वाड्यावर मिटविलेल्या प्रकरणांविरुद्ध ज्यांनी आयुष्यभर झगडा दिला, त्यांनी आपल्या समाजमंदिरात प्रकरण मिटवू नये. तसेच जमाव जमवून कोणाला तुडवूही नये. मुलाचे म्हणणे शांतपणे ऐकावे, त्याच्यावर प्रश्नांचा भडिमार करू नये आणि पोलिसांत जावे. खरेखोटे न्यायालय ठरवील. तोपर्यंत त्या माणसाला मुलांपासून दूर ठेवणे, एवढे तर आपल्या हातात आहे.

येत्या जयंतीला तुमच्या वस्तीत फुटबॉलचे सामने भरतील. बक्षिसाची रक्कम, पाहुण्यांची नावे, बॅनरवर कोणाचा फोटो मोठा, यावर बैठका होतील. त्यातल्या एका बैठकीत पालकांना बोलवा, आयांना पुढच्या रांगेत बसवा आणि मुलांच्या सुरक्षेचे नियम ठरवा. ते ठळक अक्षरांत मैदानावर लावा. ज्या क्लबचे सर हे नियम मानायला तयार नसतील, त्या क्लबला प्रवेश देऊ नका, मग तो कितीही जिंकणारा संघ असो. आणि घरी पोराला एवढेच सांगा, ‘सर मोठे आहेत, पण तुझ्यापेक्षा मोठे नाहीत. काही खटकले तर आधी आम्हाला सांग. आम्ही तुझेच ऐकू.’