रक्त किती गेले, एवढेच पाहू नका

साठी ओलांडलेल्या माणसाच्या पोटात अचानक कळ आली आणि शौचावाटे रक्त पडले की आपल्याकडे घरच्या घरी दोनच निदाने होतात : मूळव्याध किंवा उष्णता. इस्केमिक कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा रक्तपुरवठा कमी पडून त्याच्या अस्तराला इजा होणे, ही तिसरी शक्यता मनातही येत नाही. दोन धमन्यांची हद्द जिथे मिळते त्या भागाला, विशेषतः प्लीहेजवळच्या वळणाला, रक्तदाब घसरल्याचा फटका आधी बसतो. म्हणून कळ बहुधा पोटाच्या डाव्या बाजूला येते आणि चोवीस तासांच्या आत थोडे रक्त पडते. बहुतेक रुग्ण सलाईन, आतड्याला विश्रांती आणि गरजेप्रमाणे अँटिबायोटिक्स यांवर काही दिवसांत बरे होतात. खरा प्रश्न उरलेल्या थोड्यांचा आहे. त्यांचे आतडे सडते, शस्त्रक्रिया करावी लागते आणि तिच्यानंतरचा मृत्युदर मोठा असतो.

हे थोडे रुग्ण ओळखण्याची आपली खूणच चुकते. पडलेल्या रक्तावरून आपण धोक्याचा अंदाज बांधतो. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मात्र पोटात दुखते पण रक्त पडत नाही, हेच वाईट लक्षण मानले आहे. वरचा रक्तदाब 90 च्या खाली, नाडी 100 च्या वर, हिमोग्लोबिन 12 च्या खाली, पांढऱ्या पेशी 15 हजारांहून अधिक, ही त्याच यादीतली इतर लक्षणे. हा आजार स्त्रियांना जास्त होतो, पण पुरुषांमध्ये जास्त बिघडतो. एकट्या उजव्या बाजूचे आतडे बाधित झाले तर परिणाम अधिक गंभीर असतात, कारण तिथे लहान आतड्याला रक्त पुरवणारी मुख्य धमनीच तुंबलेली असू शकते. हृदयविकार, डायलिसिस, महाधमनीची शस्त्रक्रिया, जुने बद्धकोष्ठ आणि ते वाढवणारी वेदनाशामके यांमुळे या आजाराचा धोका वाढतो; त्यांची नोंद म्हणूनच पहिल्याच तपासणीत व्हायला हवी.

यावर कोणी म्हणेल, आजार तुलनेने विरळ आहे आणि बहुतेकांचा बराही होतो. मग लोकांना घाबरवून प्रत्येकाला सीटी स्कॅनला पाठवायचे का? आक्षेप रास्त आहे, कारण अनावश्यक तपासण्यांचा भुर्दंड शेवटी रुग्णालाच बसतो. पण वरच्या यादीतली बरीचशी लक्षणे नाडी, रक्तदाब आणि साध्या रक्ततपासणीत कळतात. तालुक्याच्या दवाखान्यातही ती पाहता येतात. स्कॅन कोणाला आज हवा आणि कोण देखरेखीखाली थांबू शकतो, हे त्यावरूनच ठरवता येईल. म्हणजे खर्च वाढण्याऐवजी तो योग्य रुग्णाकडे वळेल. दुसरा धोका उलट्या टोकाचा आहे : भीतीपोटी रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच बंद करणे. तो निर्णय डॉक्टरांचाच.

तेव्हा घरातल्या वृद्धाच्या पोटात अचानक कळ आली, तर रक्त थांबण्याची किंवा दिसण्याची वाट पाहू नका. मूळव्याधीचे मलम आणण्याआधी रक्तदाब तपासून घ्या आणि चालू गोळ्यांची यादी घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.